नवीन ऑनलाइन कॅम्पेनसाठी कोणती सिस्टिम घ्यावी? (मराठीतून खेळायचं आहे)

पाणंद | शुक्रवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

गणपती झाले की नवीन ऑनलाइन कॅम्पेन (रोल-प्लेइंग खेळातली, अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट) सुरू करायचं आहे. गोष्ट डोक्यात तयार आहे, माणसं तयार आहेत, फक्त सिस्टिमवर गाडी अडली आहे. म्हणून हा धागा.

आधी गोष्ट सांगते. साल १९२१. सह्याद्रीतलं एक खोरं, नाव काल्पनिक. खाली धरणाचं काम सुरू झालंय, दोन पावसाळ्यांत सगळं पाण्याखाली जाणार. (मुळशी सत्याग्रहाचा हाच काळ, १९२१ ते १९२४, सेनापती बापटांचा. माझं खोरं मुळशी नाही, पण वाचन तिथून सुरू झालं.) कुलकर्ण्यांच्या वाड्यातल्या जुन्या दप्तरात एक मोडी कागद सापडतो. देवळामागच्या कुंडातलं पाणी सातव्या पायरीच्या वर येऊ देऊ नये, असं त्यात बजावलंय. का, ते जिथे लिहिलं होतं तेवढा भाग वाळवीने खाल्लाय. पात्रं साधी: शाळामास्तर, सुईण, मोजणी खात्यातला कारकून, पुण्याहून आलेला वार्ताहर, दप्तर सांभाळणारा. तलवारी नाहीत, मंत्र नाहीत.

खेळाडू पाच. एक नाशिकला, एक न्यू जर्सीत, एक मेलबर्नला, आणि पुण्यात माझी धाकटी मावसबहीण आणि आई. आई ६१ वर्षांची आहे, पत्ते आणि सारीपाट सोडून काही खेळलेली नाही. मावसबहीणही नवीनच.

आमचं मागचं कॅम्पेन डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत होतं. चौदा सेशन्स झाली आणि थांबलं. भांडण वगैरे काही नाही. एका लढाईला दोन रविवार लागले, तिसऱ्या रविवारी दोघं आले नाहीत, मग कोणी विषयच काढला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली: कोणी 'मी परसेप्शन चेक करतो' म्हटलं की पुढचं वाक्यही इंग्रजीत यायचं, आणि मग सगळं टेबलच इंग्रजीत बोलायला लागायचं. आम्ही सहाही जण घरी मराठी बोलतो. या वेळी खेळही मराठीतूनच व्हावा, असं मनापासून वाटतंय.

अडीच तासांचं सेशन, दर पंधरा दिवसांनी. नियम फुकट किंवा स्वस्त मिळावेत. जाणकारांनी कृपया सांगावं.

अबोली_७ | शुक्रवार, रात्री १०:५०

रुमाल टाकून ठेवते. एक बाळबोध प्रश्न: गोष्ट तुमची, माणसं तुमची, मग सिस्टिम नेमकं काय करते?

तिठा | शुक्रवार, रात्री ११:२०

@अबोली, समजा सुईण म्हणाली, 'मी अंधारात वाड्यात शिरते.' तिला जमलं की नाही, आणि नाही जमलं तर काय होतं, हे कोणी ठरवायचं? गोष्ट चालवणारीने मनाने ठरवलं तर ती तिची एकटीची गोष्ट झाली. म्हणून फासे. कोणते फासे, किती, काय पडलं म्हणजे जमलं, आणि हरल्यावर काय गमवायचं, या सगळ्या कराराला सिस्टिम म्हणायचं. करार बदलला की खेळाडूंचं वागणं बदलतं. जिथे मारामारीला पन्नास पानं आणि बोलण्याला अर्धं पान आहे, तिथे माणसं आपसूक मारामारीकडे वळतात.

वीसफासी | शनिवार, सकाळी ७:०५

मी त्या पाचातला न्यू जर्सीवाला. पाणंदताईला फोनवर सांगितलंय तेच इथे लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही बोलता येईल.

माझं मत पाचव्या आवृत्तीलाच. २०१४ पासून ती चालू आहे, २०२४ मध्ये सुधारित पुस्तकं आली, आमच्यातल्या तिघांना तोंडपाठ आहे. नियमांचा गाभा २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आला, म्हणजे पैसेही नकोत. परवान्यावरून तेव्हा खेळणाऱ्यांनी जो आवाज उठवला त्याचं ते फळ, आणि मला त्याचा आनंद आहे. कुठलाही प्रश्न पडला तर उत्तर दोन मिनिटांत सापडतं. नवीन सिस्टिम म्हणजे तिघांनी शिकलेलं विसरायचं आणि दोघांनी पहिल्यापासून शिकायचं.

मागचं कॅम्पेन नियमांमुळे मेलं असं मला वाटत नाही. सहावी लेव्हल गाठल्यावर आम्ही लढाया फार मोठ्या केल्या, हे खरं. लढाया कमी ठेवल्या तर हीच सिस्टिम चालेल.

गणिती | शनिवार, सकाळी ९:३०

लढाया ठेवायच्या असतील तर मग पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती (२०१९) घ्या. प्रत्येक पाळीला तीन ॲक्शन, बस, गोंधळ नाही. गाठायच्या आकड्यापेक्षा दहाने वर गेलात तर मोठं यश, दहाने खाली तर मोठी फजिती. सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर अधिकृतपणे फुकट आहेत. पण ताईंचं वर्णन वाचून मलाच ती सुचवावीशी वाटत नाही. सुईण आणि कारकून यांना पाथफाइंडरमध्ये करायला काही उरणार नाही.

तिठा | शनिवार, सकाळी १०:१०

+१. पाणंद, एकच प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर द्या: दर रविवारी हमखास घडेल असा प्रसंग कोणता?

पाणंद | शनिवार, दुपारी १:४०

@तिठा, सकाळपासून हाच विचार करतेय. पोळ्या करताना उत्तर सापडलं. कोणीतरी कोणालातरी बोलतं करतंय, किंवा कोणीतरी कागद वाचतंय. आणि दर वेळी, जे कळलं ते कळायला नको होतं असं वाटतंय.

@वीसफासी, तू म्हणतोस ते पटतं. पण लढाया काढल्या तर पात्राच्या शीटवरचं काय उरतं ते मी काल मोजलं. आर्मर क्लास, हिट पॉइंट, इनिशिएटिव्ह, हल्ल्यांची यादी, स्पेल्स, बहुतेक सगळं लढाईचंच. सुईणीला यातलं काय देऊ?

तिठा | शनिवार, दुपारी ३:००

मग दोन वाटा. एक, अपोकॅलिप्स वर्ल्डच्या (२०१०) घराण्यातले खेळ. सहाबाजूंचे दोन फासे: दहा किंवा वर आलं तर काम फत्ते, सात ते नऊ आलं तर काम होतं पण किंमत मोजून, सहा किंवा खाली आलं तर गोष्ट चालवणारी व्यक्ती घाव घालते. गोष्ट सतत पुढे सरकत राहते, ऑनलाइनला हे फार उपयोगी. दुसरी वाट फेट नावाचा खेळ. त्यात पात्राचं वर्णन हाच नियम. वाक्य मराठीत लिहा, झालं. पीडीएफ तुम्ही ठरवाल त्या किमतीला मिळते.

ब्लेड्स इन द डार्क (२०१७) मला जिवापाड आवडतो, पण तो चोरांच्या टोळीचा खेळ, तुमच्यासाठी नाही. त्यातलं घड्याळ मात्र उचला: वर्तुळाचे सहा-आठ भाग करायचे, संकट जवळ येईल तसा एकेक भाग रंगवायचा. तुमच्या पाण्यासाठी अगदी चपखल.

मोडीवाचक | शनिवार, सायंकाळी ६:२५

धागा आवडला. मी वीस वर्षं कॉल ऑफ कथुलू चालवतो आहे. १९८१ साली निघालेला भयकथांचा खेळ, सध्याची सातवी आवृत्ती. तो आठवायची दोन कारणं: एक, त्याचा मूळ काळच १९२० चं दशक आहे. दोन, तुम्ही सांगितलेला 'कळायला नको होतं' हा प्रसंगच त्या खेळाचा कणा आहे.

नियम एका ओळीत सांगतो. प्रत्येक कौशल्यापुढे टक्के लिहिलेले असतात. दहाबाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा. टक्क्यांच्या आत पडलं की जमलं. काम अवघड असेल तर निम्म्याच्या आत, फारच अवघड असेल तर पाचव्या हिश्शाच्या आत. शाळेत शेकडेवारी शिकलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

हरल्यावर एकदा 'पुश' करता येतं. पण पुन्हा प्रयत्न करण्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागतं, आणि या वेळी हुकलं तर काय होईल ते कीपर (गोष्ट चालवणारा) आधीच सूचित करतो. जीवही थोडाच असतो, बहुधा दहा ते तेरा हिट पॉइंट, त्यामुळे शहाणा खेळाडू मारामारी टाळतो. आणि सॅनिटी नावाचा आकडा असतो. आमच्या टेबलावर आम्ही त्याला 'भान' म्हणतो. एका फटक्यात पाच किंवा जास्त भान गेलं तर पात्राला तात्पुरतं वेड लागू शकतं.

क्विक-स्टार्ट पुस्तिका प्रकाशकाच्या साइटवर फुकट आहे, तीत एक पूर्ण गोष्टही आहे. पहिले तीन महिने तेवढ्यावर निघतात.

गणिती | शनिवार, रात्री ८:४५

काका, एक शंका. रहस्यकथेत कागद सापडलाच नाही तर गोष्ट तिथेच खुंटते ना? ५५ टक्के म्हणजे शंभरात पंचेचाळीस वेळा खुंटणार. म्हणूनच तर गमशू सिस्टिम निघाली. ट्रेल ऑफ कथुलूमध्ये (२००८) योग्य कौशल्य घेऊन योग्य जागी गेलं की मुख्य धागादोरा मिळतोच, फासे नाहीत.

मोडीवाचक | शनिवार, रात्री ९:३०

शंका रास्त आहे, सुरुवातीला मीही तिथेच आपटलो. त्यावर दोन उपाय. ज्याच्यावाचून गोष्ट अडेल तो कागद फाशांवर टांगायचाच नाही, तो सापडतोच. फासे कशासाठी? किती वेळ लागला, कोणी पाहिलं, पूर्ण कळलं की अर्धवट, यासाठी. आणि प्रत्येक निष्कर्षाकडे जायला तीन वेगळ्या वाटा ठेवायच्या. कागद हुकला तर म्हातारीची ओवी आहे, ओवी हुकली तर पायरीवरची खूण आहे.

कोयनाकाठ | रविवार, सकाळी ६:५०

इथे सहसा लिहीत नाही, वाचतो. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

आमच्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. धरण १९६४ ला पूर्ण झालं, त्याच्या आधीच गाव उठलं होतं. वडील तेव्हा नऊ वर्षांचे. पाणी फार उतरतं त्या उन्हाळ्यात देवळाचा चौथरा वर येतो. दोनदा वडिलांना घेऊन होडीने गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी चौथऱ्यावर हात ठेवला आणि उंबरा कुठे होता ते पावलं मोजून दाखवलं. सतरा पावलं.

तुमच्या कल्पनेला विरोध नाही. अशा गोष्टी आमच्याकडे कोणी सांगत नाही, त्या सांगितल्या जाव्यात. विनंती एकच. भयकथांमध्ये गावकरी म्हणजे अंधारात नरबळी देणारे लोक, असं सर्रास येतं. ज्यांचं सगळं जातंय त्यांनाच राक्षस करू नका. आणि त्यांचा देव हाच आतला भूत निघाला, असंही नको.

पाणंद | रविवार, सकाळी ८:१५

@कोयनाकाठ दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. खरं सांगते, माझ्या टिपणांत शेवटी गुरव दोषी निघत होता. ते मी आत्ता खोडलं.

नवीन मांडणी अशी: कुंड राखणारे लोक शतकानुशतकं एक काम चोख करत आलेत. ते का करायचं हे सांगणारी भाषा मात्र हरवत गेलीय. बाहेरून आलेल्यांना ते ऐकून घ्यायला वेळ नाही. भय तिथून येईल. आणि हे सेशन झिरोला (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) मी सगळ्यांसमोर ठेवेन, 'या रेषेपलीकडे जायचं नाही' म्हणून. कोणालाही मधेच थांबावंसं वाटलं तर चॅटमध्ये नुसता 'क्ष' टाकायचा, कारण विचारलं जाणार नाही. एक्स-कार्ड म्हणतात ते हेच.

परवानगी दिलीत तर ती सतरा पावलं मला गोष्टीत हवी आहेत.

कोयनाकाठ | रविवार, सकाळी ८:४०

घ्या. वडिलांना आनंद होईल.

मोडीवाचक | रविवार, सकाळी ९:१०

कोयनाकाठ यांनी नेमकं बोट ठेवलं. कथुलू ज्याच्या कथांवरून निघाला त्या लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या लेखनात परक्या माणसांविषयीचा द्वेष उघड दिसतो, आणि तो पंथवाल्या गावकऱ्यांच्या साच्यात उतरलाय. म्हणून मी त्याचे देव वापरतच नाही. नियम घ्यावेत, दैवतं तिथेच सोडावीत.

मेलबर्नकर | रविवार, सकाळी ९:४५

मीही त्या पाचातला. सिस्टिमचं तुम्ही ठरवा, मी वेळेचं आणि यंत्राचं बोलतो.

रविवार सकाळी ७:३० भारतात म्हणजे आत्ता माझे दुपारचे १२ आणि न्यू जर्सीत शनिवारी रात्रीचे १०. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमची घड्याळं पुढे जातात, मग माझा १ वाजेल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची मागे येतात, मग वीसफासीचे ९. वेळ कायम भारतीय घड्याळानेच जाहीर करा, म्हणजे चुकामूक होणार नाही.

फाउंड्री (ऑनलाइन टेबलाचं सॉफ्टवेअर) घ्यायचा विचार असेल तर: परवाना फक्त चालवणाऱ्याला लागतो, एकदाच पैसे. पण ते तुमच्या मशीनवरून चालतं आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसतो, मग बाहेरून आम्हाला आत शिरता येत नाही. वेगळी होस्टिंग सेवा घ्यावी लागते. लढायाच नसतील तर इतकं कशाला? डिस्कॉर्डवर आवाज, आउलबेअर रोडिओवर खोऱ्याचा एक नकाशा, आणि कॅरेक्टर शीट साध्या गूगल शीटमध्ये. तिथे देवनागरी नीट दिसते आणि मावशींना नवीन काही शिकावं लागत नाही.

पाणंद | पुढचा रविवार, रात्री ९:००

मंडळी, आज सकाळी आई, मावसबहीण आणि नाशिकचा मित्र यांना घेऊन एकच प्रसंग तीन सिस्टिममध्ये खेळून पाहिला. प्रसंग: रात्री कुलकर्ण्यांच्या वाड्यात कंदिलाच्या उजेडात दप्तराचे रुमाल (कागद बांधलेली कापडं) सोडून कागद शोधायचा. आई सुईण.

पहिल्यांदा पाचवी आवृत्ती.
'मी कागद शोधते.'
'इन्व्हेस्टिगेशन टाक.'
'म्हणजे काय टाकू?'
'वीसबाजूंचा फासा, त्यात इंटेलिजन्सचा मॉडिफायर मिळव, प्रोफिशियन्सी असेल तर तीही.'
चौदा पडले, तीन मिळवले, सतरा. मी म्हटलं, डीसी (गाठायचा आकडा) पंधरा होता, सापडला. आई म्हणाली, 'पंधरा होता हे मला कसं कळणार होतं?' तिचा सूर तक्रारीचा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला उत्तर देता आलं नाही.

मग फेट. आईला म्हटलं, तुझ्या सुईणीचं एका वाक्यात वर्णन कर. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'खोऱ्यातल्या प्रत्येक घरात हिच्या हातांनी मूल जन्मलंय.' मी लिहून घेतलं आणि मला पुढचं काही सुचेना, इतकं ते वाक्य पुरेसं होतं. @तिठा, तुम्ही म्हणालात ते खरं आहे, फेटसारखं मराठीत दुसरं काही उतरत नाही. पण मग फेट पॉइंट (वर्णनाचा फायदा घ्यायला खर्चायचे गुण) कधी द्यायचा, कधी घ्यायचा, या वाक्याचा आत्ता उपयोग होतो की नाही, यावर प्रत्येक वेळी बोलणी व्हायला लागली. शिवाय भीती वाटेना. फेटमधली माणसं कर्तबगार असतात, पॉइंट टाकून निभावून नेतात. मला हवा आहे तो अंधार तिथे येत नाही.

शेवटी टक्क्यांचा खेळ, म्हणजे कथुलू. आमच्याकडे दहाबाजूंचे फासे नव्हते, तर आईने शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या करून आमटीच्या वाटीत टाकल्या. एक काढायची, दशकात मांडायची, परत टाकायची, हलवायची, दुसरी काढायची. शीटवर मी 'दप्तर चाळणे ५५' लिहिलं होतं. सहा निघाला. मग एक. आई लगेच म्हणाली, 'सहाने हुकलं गं.'

कोणी तिला हिशेब सांगितला नव्हता. मी नशिबाचा नियम सांगितला: नशीब ४५ आहे, त्यातले सहा खर्च केलेस तर जमेल. पाच मिनिटं ती विचार करत बसली. पुढे याहून वाईट वेळ आली तर? मग हळूच म्हणाली, 'दे, घालव सहा.' स्क्रीनवर बाकीचे दोघं श्वास रोखून बघत होते. चौदा सेशन्समध्ये अशी शांतता मी एकदाही ऐकली नव्हती.

पुढे नाशिकच्या मित्राचा वार्ताहर वाड्याच्या राखणदाराला बोलतं करायला गेला. 'गोड बोलणे ४०', पडले ७३. त्याने पुश केलं: रात्रभर त्याच्या ओसरीवर बसून राहतो, काही विचारत नाही. मी म्हटलं, हुकलं तर सकाळी गावभर होईल की पुण्याचा माणूस वाड्यावर डोळा ठेवून आहे. टाकतोस? टाकले. ८८. आता पहिल्या सेशनला सगळं खोरं त्याच्याकडे संशयाने बघणार आहे, आणि ते माझ्या टिपणांत कुठेच नव्हतं.

तेव्हा कॉल ऑफ कथुलू, सातवी आवृत्ती. आईचं ते वाक्य शीटवर पूर्वायुष्याच्या रकान्यात जसंच्या तसं ठेवलंय.

आता मदत हवी आहे ती कौशल्यांच्या नावांना. 'स्पॉट हिडन'ला 'बारीक नजर' आणि 'लायब्ररी यूज'ला 'दप्तर चाळणे' केलंय.

मोडीवाचक | पुढचा रविवार, रात्री ९:४०

वा. 'लिसन'ला कानोसा. 'स्टेल्थ'ला दबक्या पावलांनी. 'ट्रॅक'ला माग काढणे. 'सायकॉलॉजी'ला मानसशास्त्र मुळीच लिहू नका, माणूस ओळखणे लिहा. मोडी वाचनाला वेगळं कौशल्य द्या, आणि बाळबोध (देवनागरी) वाचनाला वेगळं. तुमची सुईण बहुधा दोन्हींत कच्ची असेल, मग कागद तिला सापडेल आणि वाचायला दप्तरवाल्याकडे जावं लागेल. माणसं एकमेकांवर अवलंबून राहिली की ऑनलाइनलाही गप्प बसलेला खेळाडू बोलता होतो.

गणिती | पुढचा रविवार, रात्री १०:०५

बोलण्याची कौशल्यं पाहिलीत का? 'परसुएड' म्हणजे समजावणे, तो साम. 'क्रेडिट रेटिंग' म्हणजे ऐपत, तो दाम. 'इंटिमिडेट' म्हणजे दरडावणे, तो दंड. 'फास्ट टॉक' म्हणजे बोलण्यात गुंतवून फसवणे, भेदाच्या जवळचं. साम-दाम-दंड-भेद आयतेच आहेत. वर 'चार्म'साठी तुमचं गोड बोलणे.

वीसफासी | सोमवार, सकाळी ६:३०

वाचून तयार आहे. एक खंत राहतेच: लेव्हल वाढल्यावर नवीन काहीतरी हातात येतं, तो आनंद मला हवा असतो. त्याचं इथे काय?

मोडीवाचक | सोमवार, सकाळी ८:००

आहे. कौशल्य यशस्वी वापरलं की त्यापुढे खूण करायची. गोष्टीचा टप्पा संपला की खुणेच्या प्रत्येक कौशल्यावर पुन्हा शंभराचे फासे, पण या वेळी आपल्या आकड्याच्या वर पडायला हवेत. पडले तर एक ते दहा टक्के वाढ. म्हणजे ज्यात कच्चे आहात ते लवकर वाढतं, पक्कं झालेलं हळूहळू. नशीब खर्चून मिळवलेल्या यशाला खूण नाही, त्यामुळे पाणंद यांच्या आईंना त्या कागदाची खूण मिळणार नाही.

तिठा | सोमवार, सकाळी ९:२०

घड्याळाबद्दल एक सुचलं. गोल चकती कशाला, घटिकापात्र घ्या. तळाला भोक असलेली वाटी, पाण्यात ठेवली की भरत भरत बुडते, लग्नाचे मुहूर्त त्यावर साधायचे. नकाशाच्या कोपऱ्यात वाटीचं चित्र काढा, त्यावर सात रेघा. पुश हुकला, पाऊस झाला, धरणाचा एक थर चढला, की पाणी एक रेघ वर.

पाणंद | सोमवार, सकाळी ९:३५

सात रेघा, सात पायऱ्या! हे घेतलंच.

अबोली_७ | सोमवार, दुपारी १२:१०

हा मराठी शीटचा तक्ता सगळ्यांसाठी पुस्तिका म्हणून काढता येईल का? आमच्यासारख्यांना फार उपयोग होईल.

गणिती | सोमवार, दुपारी १:००

आपल्या टेबलापुरतं शीट करणं वेगळं आणि नियमांचं भाषांतर प्रसिद्ध करणं वेगळं. कथुलूचे नियम खुले नाहीत. पण त्याच घराण्यातलं बेसिक रोलप्लेइंग २०२३ मध्ये ओआरसी या खुल्या परवान्याखाली आलंय, टक्क्यांचा गाभा तोच. मराठीत प्रसिद्ध करायचं तर त्यावरून करावं. फेट आणि पाचव्या आवृत्तीचा गाभाही क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये आहे. हिवाळ्यात वेळ काढून मी बेसिक रोलप्लेइंगला हात घालेन, कोणी सोबत येणार असेल तर सांगा.

मोडीवाचक | सोमवार, दुपारी १:२०

मी आहे.

अबोली_७ | सोमवार, दुपारी १:३०

मीही. मुद्रितशोधन माझ्याकडे. आणि पाणंदताई, एखादी जागा शिल्लक आहे का हो? नसली तरी ऐकत बसायला आवडेल.

पाणंद | सोमवार, रात्री १०:४०

@अबोली, ऐकायला नको, खेळायलाच ये. मोजणी खात्यातला कारकून अजून कोणी घेतलेला नाही, मेलबर्नकरला दप्तरवाला हवा होता. सहा जण जरा जास्त होतात, पण चालवून घेऊ.

सेशन झिरो या रविवारी सकाळी ७:३० ला, भारतीय वेळ. डिस्कॉर्डचा दुवा व्यनित (खासगी निरोपात) पाठवते. हेडफोन लागेल, कॅमेरा नसला तरी चालेल. तुझ्या कारकुनाबद्दल दोनच गोष्टी ठरवून ये: खोऱ्यात तो कोणाच्या घरी जेवतो, आणि मोजणीच्या वहीत त्याने कोणता आकडा मुद्दाम चुकीचा लिहिलाय.

आणि दहाबाजूंचे फासे नसतील तर चिठ्ठ्या कर. कागद जाड घे, आईच्या पहिल्या चिठ्ठ्यांमधून आकडा आरपार दिसत होता.